खतावणीच्या पानावरचे घोडेस्वार

सगळी नोकरी बँकेत झाली, त्यामुळे चित्राआधी माझं लक्ष कागदाकडे जातं. आखलेलं खतावणीचं पान, आणि रकान्यांच्या रेघा बिनदिक्कत तुडवत जाणारा घोडेस्वार! अमेरिकेतल्या लाकोटा योद्ध्यांची ही चित्रं. पूर्वी हे लोक आपले पराक्रम बायसनच्या, म्हणजे तिथल्या रानगव्याच्या, कातड्यावर रंगवत. पुढे बायसन संपत आले, आणि व्यापाऱ्यांच्या, लष्कराच्या हिशेबाच्या वह्या हाती लागल्या.

ही चित्रं नुसती बघून भागत नाही, वाचावी लागतात. घोड्याची शेपटी बांधलेली असेल तर स्वार लढाईला निघालाय. डोक्यावर रेघेनं जोडलेलं बारकं चित्र म्हणजे नाव. लाकोटांचा पुढारी सिटिंग बुल, म्हणजे ‘बसलेला बैल’, याच्या डोक्यावर बसलेला बायसन असतो. शत्रूला नुसतं काठीनं शिवून येणं हा मोठा मान, पण तो मिरवायचा तर साक्षीदार हवा. उगाच फुशारक्या मारायची सोय नाही!

सगळेच चित्रकार लढलेले नव्हते. अमोस बॅड हार्ट बुलनं नेब्रास्कातल्या क्रॉफर्डमध्ये कापडाच्या दुकानदाराकडून वही घेतली आणि काका-मंडळींकडून ऐकलेलं चारशेवर चित्रांत उतरवलं. ती वही १९४७ साली त्याच्या बहिणीबरोबर पुरली. आधी फोटो काढून ठेवले होते, म्हणून निभावलं.

मला मात्र रेड हॉर्स जास्त पटतो. जून १८७६ मध्ये मोंटानात लिटल बिगहॉर्नला लाकोटा आणि त्यांच्या साथीदारांनी अमेरिकी घोडदळाला हरवलं, त्या लढाईत तो स्वतः होता. १८८१ साली मॅकचेस्नी नावाच्या लष्करी डॉक्टरनं विचारलं, तेव्हा त्यानं हातवाऱ्यांच्या भाषेत हकीकत सांगितली आणि बेचाळीस मोठे कागद भरले. या वेळी खतावणी नव्हती, साधे मॅनिला कागद होते. आधी तंबूंची वस्ती, मग चाल करून येणारं घोडदळ, मग हातघाई. एका कागदावर नुसते मेलेले घोडे, जखमांतून रक्त वाहतंय. मेलेले सैनिक आहेत, तसे मेलेले लाकोटाही आहेत. जिंकलेल्या माणसानं आपली प्रेतं इतकी उघडी मांडावीत, हे मला फार मोठं वाटतं.

आणि त्या घोडदळाचा म्होरक्या कस्टर? लढाई त्याच्याच नावानं गाजली, पण या चित्रांत तो कुठला ते ओळखू येत नाही. निळ्या डगल्यातल्या गर्दीत त्याला वेगळा काढायचं रेड हॉर्सला काही कारण नव्हतं.