कारण दिलेले नाही

हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असे पत्र आले. मैदान, स्नेहसंमेलन, निकालाची परंपरा यांवर इतर जण लिहितीलच. मला लिहायचे आहे ते शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, तासाबद्दल आणि तो घेणाऱ्या सरांबद्दल. त्यांचे नाव लिहायची गरज नाही. आमच्या आगेमागे शिकलेला कोणीही ते लगेच ओळखेल.

त्या तासाला ख्रिस्ती घरांतली मुले थोडी आणि बाकीची जास्त. वर्षअखेरीस पहिला नंबर बहुधा बाकीच्यांतल्या कोणाचा तरी. अध्याय-वचनांचे आकडे जिभेवर, दाखले पाठ, आणि तरी शाळा सोडताना विश्वास ठेवला असे म्हणणारा त्यांत कोणी नसे. बाहेरच्यांना याचे नवल वाटे, काहींना ती सरांची हारही वाटे. सर स्वतः पक्के श्रद्धावान. पण त्यांना त्यात हार दिसली नाही, कारण ज्या ग्रंथाचा ते तास घेत त्या ग्रंथातच शास्त्र जाणणारा आणि तरी न येणारा माणूस जागोजागी भेटतो. त्याच्याकडे नीट बघायला शिकवणे हे ते आपले काम मानत.

पद्धत ठरलेली होती. आधी मार्कचे शुभवर्तमान, सोळाही अध्याय एका बैठकीत, मोठ्याने. दीड-दोन तास लागतात, म्हणून शनिवारी. मग वही आडवी धरून चार रकाने, येशूचे चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांचे: मत्तय, मार्क, लूक, योहान. एकच प्रसंग चौघांकडे असेल तर शेजारी शेजारी उतरवायचा आणि नसेल तिथे रकाना मोकळा सोडायचा. या मोकळ्या रकान्यांवर सरांचा विशेष कटाक्ष. पूर्वेकडचे ज्ञानी लोक फक्त मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात आहेत, मेंढपाळ फक्त लूकच्या दुसऱ्यात. ज्ञानी लोक तीन होते असे कुठेही लिहिलेले नाही आणि ते आले ते घरात (मत्तय २:११). नाताळच्या देखाव्यात हे सगळे एका गोठ्यात उभे असतात, म्हणून वहीतही ते एकत्र येतात. पहिली चूक हमखास इथेच होते.

दुसरी चूक अध्यायांच्या आकड्यांमुळे होते. आज वापरतो ते अध्याय १३ व्या शतकातले, आणि नव्या कराराची वचने छापील आवृत्तीत क्रमांकासह आली ती १५५१ मध्ये. मूळ लेखकांनी यातले काहीच केलेले नाही. सरांचे नेहमीचे उदाहरण योहान २:२३ ते ३:२१ हे होते. दुसऱ्या अध्यायाच्या शेवटी चिन्हे पाहून पुष्कळांनी विश्वास ठेवला, पण येशूने स्वतःला त्यांच्या हवाली केले नाही, कारण माणसात काय आहे हे त्याला ठाऊक होते, असे लिहिले आहे. आणि लगेच, निकदेम नावाचा एक माणूस होता. मध्ये मोठा ३ छापलेला असतो म्हणून वाचणारा थांबतो आणि जोड तुटते. सलग वाचले की दिसते, घाईने ठेवलेल्या विश्वासावर इथे खुद्द येशूच भिस्त ठेवत नाही, आणि रात्री प्रश्न घेऊन आलेल्या शास्त्र्याशी मात्र सविस्तर बोलतो.

निकदेमावर आमचे बरेच तास जात. तो तीनदा येतो. सातव्या अध्यायात तो, माणसाचे ऐकून घेतल्याशिवाय त्याला दोषी ठरवता येते का, एवढेच विचारतो. प्रश्न येशूबद्दल, आणि येशू गालीलातला; त्यावर सहकारी त्याला फटकारतात, शोधून पाहा, गालीलातून संदेष्टा येत नाही. सर इथे जुन्या करारातले ‘२ राजे’ हे पुस्तक, १४:२५, उघडायला लावत. योना संदेष्टा गथ-हेफेरचा, आणि ते गाव गालीलातले. म्हणजे शास्त्र शोध म्हणून दरडावणाऱ्यांनीच ते नीट शोधलेले नव्हते. शेवटी १९:३९ मध्ये निकदेम दफनासाठी गंधरस आणि अगरू यांचे सुमारे शंभर मापे मिश्रण आणतो, आजच्या हिशेबाने ३० किलोंहून जास्त. त्याने विश्वास ठेवला का? योहान सांगत नाही. सरांनीही कधी सांगितले नाही.

आता सरांचा दुसरा तक्ता. योहानाच्या पाचव्या अध्यायात अडतीस वर्षे आजारी असलेला माणूस शब्बाथ दिवशी, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, बरा होतो, वाद पेटतो, आणि ३९-४० मध्ये येशू म्हणतो की तुम्ही शास्त्रलेख धुंडाळता, पण माझ्याकडे यायची तुमची इच्छा नाही. हे वचन अविश्वासी माणसाच्या डोक्यात घालण्यासाठी वाटेल तेव्हा वापरले जाते. सर ते सुटे वापरू देत नसत. त्यांनी चार रकाने आखायला लावले: न येणारा कोण, त्याला किती माहीत होते, समोर कोण बोलत होते, आणि ग्रंथात दिलेले कारण.

पाचव्या अध्यायातल्या लोकांचे कारण ५:४४ मध्ये आहे: ते एकमेकांकडून मान घेतात. मार्क १०:१७-२२ मधल्या धनवान माणसाने आज्ञा लहानपणापासून पाळल्या होत्या. त्याचे कारण मालमत्ता. रोमी सुभेदार फेलिक्सला ‘त्या मार्गाची’, म्हणजे ख्रिस्ती विश्वासाची, चांगली माहिती होती (प्रेषितांची कृत्ये २४:२२). कैदेतल्या पौल प्रेषिताचे बोलणे ऐकून तो घाबरला, पुन्हा सवडीने बोलावतो म्हणाला, लाचेची वाटही पाहत राहिला, आणि दोन वर्षे गेली. आणि हेरोद राजाचे शास्त्री (मत्तय २). ख्रिस्त कुठे जन्मेल या प्रश्नाला त्यांनी मीखा ५:२ चा आधार देऊन अचूक उत्तर दिले. बेथलेहेम यरुशलेमपासून नऊ-दहा किलोमीटर. ज्ञानी लोक दुरून येऊन तिथे गेले. हे शास्त्री गेल्याचे लिहिलेले नाही.

या ओळीत आमच्या एका वर्गबंधूने चौथ्या रकान्यात लिहिले, ‘गर्व’. सरांनी विचारले, वचन दाखव. त्याने ५:४४ दाखवले. सर म्हणाले, ते दुसऱ्या लोकांना, दुसऱ्या ठिकाणी, तीसेक वर्षांनी म्हटलेले आहे, ते त्यांच्या ओळीत राहू दे. मग भीती? हेरोदाची भीती असेल. असेल, पण लिहिलेले नाही. आळस? नाही. अर्धा तास हेच चालले, आणि शेवटी सगळ्या वर्गाने त्या जागी लिहिले, ‘कारण दिलेले नाही’. अग्रिप्पा राजाच्या ओळीतही तेच आले. संदेष्ट्यांवर तुझा विश्वास आहे हे मला ठाऊक आहे, असे पौलाने त्याला तोंडावर सांगितले होते (प्रेषितांची कृत्ये २६:२७), आणि तरी तो उठून गेला.

श्रद्धा नसलेल्या मुलांनाही सर सूट देत नसत. विसंगती शोधायच्या आवेशात कोणी यहूदाचा शेवट पुढे केला (मत्तय २७:५ मध्ये गळफास, प्रेषितांची कृत्ये १:१८ मध्ये पडून पोट फुटणे, शेत एकीकडे याजक घेतात, दुसरीकडे तो स्वतः), तर ते दोन्ही मजकूर शेजारी लिहायला लावत. सांधायचे नाही आणि मिरवायचेही नाही. उत्तरपत्रिकेत भाविक वाक्ये लिहून गुण मिळत नसत. ‘येशू देवाचा पुत्र आहे’ असे मोघम लिहिले की समोर प्रश्नचिन्ह. ‘मार्क १:१ मध्ये असे म्हटले आहे’ लिहिले की पूर्ण गुण; काही जुन्या हस्तलिखितांत ते शब्द नाहीत हेही लिहिले तर शेरा, ‘छान’. प्रार्थना तास संपल्यावर. थांबायचे की जायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे.

एकदा तपासणीला आलेल्या पाहुण्यांनी विचारले, या मुलांना एवढे शास्त्र येते, मग अडते कुठे? सर म्हणाले, “तो रकाना मी भरत नाही.” विश्वास न ठेवणाऱ्या मुलाच्या मनात गर्व आहे, भीती आहे की घरचा धाक, हे ठरवून टाकणारी माणसे आम्हाला पुढे पुष्कळ भेटली. असे काहीही न ठरवता, तळमळ असूनही न ठरवता, आम्हाला शिकवणारा माणूस एकच. त्या वर्गातले काही आज न्यायालयात आहेत, काही संपादनात, आणि लिहिलेले काय व आपण घातलेले काय हा भेद त्यांच्या कामात दिसतो. काही पुढे श्रद्धेपर्यंत पोचले, बरेचसे नाही.

आता तो तास राहिलेला नाही. दहा मिनिटे ‘आजचे वचन’ फळ्यावर लिहितात, मागचे-पुढचे काहीही न वाचता. सर ज्या चुकीवर वर्षभर मेहनत घेत, ती आता रोज सकाळी ठळक अक्षरांत लिहिली जाते, याचे मनापासून वाईट वाटते. शाळेला विनंती आहे की आठवीला तरी चार रकान्यांची वही पुन्हा द्यावी. सुरुवात पाच हजारांच्या भोजनाने करावी, कारण येशूच्या चमत्कारांपैकी तेवढाच चौघांकडेही आहे: मत्तय १४, मार्क ६, लूक ९, योहान ६. पाच भाकरी, दोन मासे, बारा टोपल्या सगळीकडे जुळतात. हिरवे गवत मार्ककडेच, भाकरी जवाच्या आणि तो मुलगा योहानाकडेच. दोन तासिकांत होते.