तुम्ही विचारलंत म्हणून: आधी ‘नकळत’ खोडा

कादंबरी लिहायला घेतलेल्यांकडून हा प्रश्न हमखास येतो. दोघंही आयुष्यात एकेकदा चांगलेच पोळलेले, आता एकमेकांकडे ओढले जाताहेत. त्यांचा शृंगार असा कसा लिहायचा, की तो चावट वाटणार नाही आणि समुपदेशनाचा तासही वाटणार नाही?

माझं उत्तर व्याकरणापासून सुरू होतं, त्यामुळे विचारणारे जरा हिरमुसतात. आपल्या मजकुरात ‘नकळत’ हा शब्द शोधा. ‘नकळत ती त्याच्या मिठीत ओढली गेली.’ ‘नकळत ओठ जुळले.’ एरवीच्या प्रेमकथेत हे खपून जातं. पण जिच्यावर एकदा जबरदस्ती झाली आहे, तिच्या बाबतीत नकळत काही होत नाही. खोलीत शिरतानाच तिने दार कुठे आहे, कडी आतून आहे की बाहेरून, आपण आणि दार यांच्यामध्ये कोण उभं आहे, हे पाहून ठेवलेलं असतं.

त्यात मराठीचा भूतकाळ आणखी गोची करतो. ‘तिने त्याचा हात धरला’ यात क्रियापद हाताच्या मागे जातं, आणि भरात आलेला लेखक मग ‘तिने’च गाळतो. हात धरला, बटणं निघाली, दिवा मालवला. कोणी? अशा प्रसंगात करणारा दिसलाच पाहिजे, कारण कोण पुढे सरकतं आणि कोण थांबतं हीच तर गोष्ट आहे.

आता पात्रांचा भूतकाळ. प्रत्येकाला एकच जखम द्या आणि तिच्यातून आलेल्या तीन सवयी. संशयी नवऱ्याला सोडून आलेली बाई उशीर झाला की कोणी न विचारताच कारण सांगते, फोन वाजला की आधी समोरच्याचा चेहरा बघते, नवे कपडे जुनेच असल्याचं सांगते. आरडाओरड्यात वाढलेला पुरुष जिन्यावरच्या पावलांवरून येणाऱ्याचा मूड ओळखतो, आवाज चढला की गप्प होतो, चूक नसतानाही माफी मागतो. एवढ्यावर वाचकाला पुष्कळ कळतं. साठ-सत्तर हजार शब्दांची कादंबरी असेल, तर सविस्तर हकिगत चाळीस हजारांच्या आधी येऊ देऊ नका. आणि अंथरुणात तर अजिबात नको. मिठीत सांगितलेली कर्मकहाणी मिठीचाही जीव घेते आणि कहाणीचाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे: दोघांच्या जखमा एकमेकींत चपखल बसवल्या जातात. तिने सांगितलं, त्याने सांगितलं, दोघं रडले, फिटंफाट. त्यापेक्षा त्या एकमेकींवर घासू द्या. ताण आला की तो गप्प होतो, ही त्याची बचाव करायची रीत. तिचा आधीचा नवरा तिला आठ-आठ दिवस न बोलून शिक्षा करायचा. म्हणजे तो जिथे स्वतःला वाचवतो, तिथे तिला मार बसतो. यात कोणी खलनायक नाही, तरी पुढची दहा प्रकरणं चालतील एवढं इंधन आहे. जुन्या रसचर्चेत शृंगाराचे संभोग आणि विप्रलंभ असे दोन भाग पाडतात. संभोग म्हणजे मीलन, विप्रलंभ म्हणजे विरह. या जोडीची गंमत अशी, की विरहाला गाव सोडावं लागत नाही, एकाच गादीवर तो हातभर अंतरात मावतो.

प्रत्यक्ष प्रसंगाला बाराशे ते पंधराशे शब्द पुरतात, आणि त्यातला अर्धा भाग कपडे उतरण्याच्या आधीचा असावा. ‘विचारलं की मजा जाते’ असं म्हणणाऱ्यांनी हे वाचावं:

“दिवा राहू दे?”
“राहू दे. आणि तू या बाजूला ये.”
तो पलीकडे गेला. दार आता तिला दिसत होतं. तिने त्याचा तळवा उचलून आपल्या मानेवर ठेवला, नाडी लागते तिथे.
“इथे थांब.”
तो थांबला. श्वास मात्र थांबला नाही, दोघांचाही.

यात आक्षेपार्ह शब्द एकही नाही, आणि थंड तर मुळीच नाही. शब्दांची अडचण खरी आहे म्हणा. शरीरासाठी मराठीत एकतर ‘उरोज-नितंब’ मिळतात नाहीतर थेट शिव्या. म्हणून नामं कमी करा, क्रियापदं वाढवा. मनगट, टाच, कानामागची जागा, पाठीचा कणा हे शब्द अजून कोरे आहेत. आणि ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी येतात ते जपून ठरवा, ते एक वस्त्र उतरल्यासारखंच असतं. ‘थांबतो’, ‘थांबते’ यांमुळे कोण बोलतंय हे मराठीत आपोआप कळतं. दोघी बायका किंवा दोघे पुरुष असतील तर ही सोय जाते. मग नावं वापरा, ‘तिने तिला’ची माळ लावू नका.

जुनी आठवण मध्येच उसळणार असेल, तर ती वासातून, अंगावरच्या वजनातून, पट्ट्याच्या बकलाच्या आवाजातून येते. तिला दोन वाक्यं द्या, पान देऊ नका. अशा वेळी माणूस किंचाळतोच असं नाही, पुष्कळदा गोठतो. हात सैल पडतात, नजर छताला लागते, उत्तर यायला वेळ लागतो. गप्प आहे म्हणजे राजी आहे, असं तुमच्या नायकाला वाटलं तर वाचक त्याला माफ करणार नाही, आणि करूही नये. त्याने थांबायचं, हात काढायचा, नाव घेऊन हाक मारायची, विचारल्याशिवाय पुन्हा शिवायचं नाही. तिने पाय जमिनीवर टेकवावेत, पाणी प्यावं. पुढच्याच परिच्छेदात पुन्हा ज्वाळा पेटवू नका, त्या रात्री नुसतं झोपू द्या त्यांना.

शेवट गोड करू का, हे ओघाने येतंच. जरूर करा, फक्त प्रेमाने माणूस बरा झाला असं दाखवू नका. शेवटच्या प्रकरणातही ती झोपण्याआधी उठून कडी तपासते. फरक इतकाच, की आता तो उशीवरूनच सांगतो, “लागली आहे.” कधी ती तरीही जाऊन बघते. कधी नाही.