पाइप पान्याचे दात पुन्हा धारेवर

पाना सटकतो म्हणजे दात गेलेच असं नाही. माझ्या १४ इंची पाइप पान्याच्या खाचांत पाइपच्या जोडांना लावतात तो सफेदा, दोरा आणि जस्ताचा चुरा असा गच्च बसला होता की दातांची टोकं पाइपपर्यंत पोचतच नव्हती. रात्रभर डिझेलमध्ये ठेवला (रॉकेल आता मिळतं कुठे?), सकाळी तारेचा ब्रश मारला आणि हॅकसॉच्या मोडक्या पात्याने एकेक खाच कोरली.

मग दात उजेडात तिरके धरून पाहिले. धारदार दाताची कड चमकत नाही. झिजलेल्याच्या डोक्यावर चपटी, चकाकती रेघ दिसते. माझ्याकडे वरच्या जबड्यावर ती सगळीकडे होती, खालच्यावर फक्त मधल्या चार-पाच दातांवर.

नट पूर्ण सोडून वरचा जबडा काढला आणि व्हाइसमध्ये धरला. आधी कोपऱ्यावर कानस घासून पाहायची. ती काचेवरून गेल्यासारखी घसरली तर जबडा फार कडक आहे. तिथे कानसच बोथट होते. अशा वेळी छोट्या ग्राइंडरला १ मिमी चकती लावून थोडं थोडं घासायचं, मधेमधे पाण्यात बुडवायचं. पोलाद निळं पडलं की त्याचा कडकपणा गेला. गॅसवर तापवून मऊ करण्याचा सल्ला तर कानाआड करा.

माझ्या जबड्याला ६ इंची त्रिकोणी कानस लागली. इथे चूक होते ती सरळ ‘व्ही’ कापण्याची. पान्याचा दात करवतीसारखा असतो: एक बाजू जवळपास उभी, दुसरी उतरती. शिवाय दोन्ही जबड्यांचे दात एकमेकांच्या उलट झुकलेले. उतार तसाच ठेवून कानस खाचेत बसवली, पुढे जाताना दाब, परतताना उचलायची. दातांना मार्करची शाई लावली होती, त्यामुळे कुठे लागतंय ते कळत होतं. प्रत्येक दाताला चार-पाच हात, आणि चकाकती रेघ गेली की थांबायचं. त्यापुढचा प्रत्येक हात उंची खातो.

जोडताना स्प्रिंग पाहिली. वरचा जबडा किंचित डुलायलाच हवा; ‘ढिला झालाय’ म्हणून त्यात पत्रा ठोकला तर पाना चावतच नाही. तेल फक्त नटाच्या आट्यांना. दात कोरडे पुसले.

तपासायला व्हाइसमध्ये टाकाऊ पाइपचा तुकडा धरला. पाइप आणि पान्याच्या पाठीत बोटभर फट ठेवून जोर दिला, तर दोन्ही बाजूंना बारीक, सारख्या खोलीचे वण उठले. खालच्या जबड्याच्या दोन दातांचे वण मात्र अजून उठत नाहीत. तो जबडा बदलायचा ठरवलंय.