जग धर!

“भाऊ, जग धर, गाडी जाई ऱ्हायनी!” प्लॅटफॉर्मवर प्रवाशांना पाणी देणाऱ्या एका बाबांची हाक.

अमळनेर स्टेशन, भर मे महिना, पारा ४४ च्या वर. मी जळगावहून आणलेल्या नव्या मोबाइलला कव्हर बसवण्यात गुंग. (जुना चांगला चालत होता, कबूल.)

सुरतेकडची गाडी. जनरल डब्याच्या खिडक्यांतून पंधरा-वीस रिकाम्या बाटल्या एकदम बाहेर आल्या. मोबाइल खिशात कोंबला, जग धरला. दोन मिनिटांत शर्ट चिंब.

गाडी गेल्यावर विचारलं, “बाबा, रोज येता?”

गळ्यातला ओला रुमाल पिळत म्हणाले, “घर बशीसन काय करू?”

रात्री बायको म्हणाली, “दाखवा ना नवीन मोबाइल.” तेव्हा आठवलं, तो अजून खिशातच. घेताना मात्र दुकानात दोन तास घातले होते.

ती गाडी रविवारी पण असते का हो?