बांधावरची जुनी नळी : आमची वाटचाल

आमचं गाव यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. केळीचा बाग मोडला की ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी बांधावर येऊन पडायची. काही खारींनी नि उंदरांनी कुरतडलेल्या, काहींची छिद्रं विहिरीच्या जड पाण्यातल्या क्षारांनी बुजलेली. वर्ष-वर्ष पडून राहायच्या आणि एखाद्या संध्याकाळी कोणीतरी काडी लावायचं. आबाही जाळायचे. दुसरं काय करायचं हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

मी जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आठ वर्षं एक्स्ट्रूडरवर, म्हणजे प्लास्टिक वितळवून साच्यातून बाहेर ढकलणाऱ्या मशीनवर, कामाला होतो. जळगावची चटई देशभर जाते, पण तिच्यातला बराचसा माल भंगारातून आलेला असतो, हे गावाकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं. गोण्या नि तुटक्या वस्तूंचा दाणा होतो, दाण्याची काडी ओढतात, मागावर चटई विणली जाते. रोज ते बघताना आमचा बांध आठवायचा. गोणीची चटई होते, मग नळीचं का काही होऊ नये? २०१३ साली नोकरी सोडली, भाड्याची शेड घेतली, एक जुना ग्राइंडर आणि एक जुना एक्स्ट्रूडर आणला. पहिलं वर्ष माल गोळा करण्यातच गेलं. शेतकरी म्हणायचे, “हाई नळी ली जा भाऊ, पैसे नको, फक्त वावर मोकळं कर.” आम्ही मात्र पहिल्या दिवसापासून वजनावर पैसे दिले. फुकट मिळालेल्या मालाची कोणी निवड करत नाही, आणि या धंद्यात सगळं काही निवडीवर आहे.

हे शिकायला आम्हाला मोठी किंमत मोजावी लागली. दुसऱ्या वर्षी एका पाइपवाल्याला पाच टन काळा दाणा दिला. त्याचे पाइप दाबाच्या चाचणीत फुटले आणि गाडी जशीच्या तशी परत आली. शोध घेतला तेव्हा कळलं, दोष मशीनचा नव्हता. नळीच्या टोकाला रबराचे ग्रोमेट, म्हणजे जोड घट्ट बसवणाऱ्या कड्या, राहिले होते, आणि मधल्या जोडांतले पीव्हीसीचे तुकडे तसेच दळले गेले होते. नळीचं पॉलिथिलीन साधारण १२० अंशांच्या आसपास वितळतं. पीव्हीसी त्यात पडलं तर ते जळतं, आम्लाचा धूर सोडतं आणि दाण्यात ठिपके ठेवून जातं. रबर तर वितळतच नाही. ते पाच टन आम्ही पुन्हा दळले, पण तो ग्राहक परत आला नाही.

तेव्हापासून निवडीचं टेबल माझ्या पत्नीने हातात घेतलं. आज तिथे बसणाऱ्या सात बायांना माल हाताळताच कळतो. पॉलिप्रॉपिलीन कडक असतं, मोडताना कडकड वाजतं. पॉलिथिलीन मऊ, बोटाला मेणासारखं लागतं. शंका आली तर तांब्याची तार तापवून तुकड्याला लावायची आणि तार पुन्हा आचेत धरायची. ज्योत हिरवी झाली की ते पीव्हीसी, बाजूला काढा. दळल्यावर सगळं पाण्याच्या टाकीत जातं. पॉलिथिलीन तरंगतं, माती आणि पीव्हीसी तळाशी बसतं. आमच्याकडे उन्हाळ्यात पाण्याची मारामार, म्हणून तीन हौद बांधले आहेत आणि तेच पाणी गाळ बसवून पुन्हा फिरवतो.

सिमेंटच्या गोण्यांचं तंत्र याच्या अगदी उलट आहे. बांधकामावरून आलेली गोणी आधी धुवायला घेतली की संपलं, सिमेंट तिथेच धरतं. ती कोरडी झटकायची, दोनदा झटकायची, आणि मगच पाणी. त्या दाण्यापासून आम्ही स्वतः कव्हर ब्लॉक बनवतो, म्हणजे स्लॅबच्या सळईखाली ठेवायचे ते लहान ठोकळे. एरवी गवंडी सळईखाली खडीचा तुकडा सरकवतो, पुढे तिथून पाणी शिरून सळई गंजते. साइटवरून आलेली गोणी ठोकळा होऊन पुन्हा साइटवर जाते, याचा मला मनापासून अभिमान आहे.

२३ मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिकबंदी लागू झाली तेव्हा नातेवाईक म्हणाले, आता शेड बंद कर. पण बंदी होती पिशव्या आणि एकदाच वापरून फेकायच्या वस्तूंवर. २०२२ च्या नियमांनी प्लास्टिकचं पॅकिंग बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवरची त्या प्लास्टिकच्या पुनर्वापराची जबाबदारी आणखी पक्की केली आणि नोंदणी असलेल्या प्रक्रिया उद्योगांना विचारणा वाढली. कागदपत्रं भरपूर, पण माझ्या मते नियम योग्य आहे. वेफर्सची चकचकीत पाकिटं मात्र आम्ही अजूनही घेत नाही. त्यात वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात, ते आमच्या मशीनवर सुटत नाहीत.

सध्या सगळा जीव अडकलाय मल्चिंग पेपरमध्ये. टरबूज, मिरचीखाली वाफ्यावर अंथरायचा हा कागद खरं तर प्लास्टिकचाच, २५-३० मायक्रॉनचा, म्हणजे केसाहूनही पातळ. ओल्या वावरातून ओढला की त्याच्यापेक्षा जास्त माती बरोबर येते, आणि ती माती एक्स्ट्रूडरची जाळी सतत तुंबवते. दोन वर्षं त्यात तोटा सोसला. गेल्या उन्हाळ्यापासून झटकून आणलेल्या पेपरला वेगळा, वाढीव दर सुरू केला, तेव्हा पहिल्यांदा गणित बसलं.

म्हणून शेतकरी भावांना एवढंच सांगणं आहे. उन्हाळी टरबूज निघालं की नांगरटीआधी वावर पूर्ण सुकू द्या, पेपर सकाळच्या थंड वेळी ओढा, कारण दुपारच्या उन्हात तो चिंध्या होऊन मातीतच राहतो. दोघांनी दोन टोकांना धरून झटका आणि मग गुंडाळा. नळीचे रबर नि पीव्हीसीचे जोड कापून वेगळ्या गोणीत ठेवा. अक्षय्य तृतीयेनंतर आमची गाडी यावल, रावेर, चोपड्याच्या गावांतून फिरते. काटा गाडीतच असतो, पैसे बांधावरच मिळतात.