पावसाचं झाकण

जूनपासून समुद्र नुसता आपटतोय म्हणजे पाणी तळापर्यंत घुसळून निघालं असणार, असं मला त्या फेरीपर्यंत खरंच वाटायचं.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा. गोव्यातल्या कांदोळीपासून साधारण १० किलोमीटर आत, २७ मीटर पाणी. भाड्याच्या ट्रॉलरवर मी तोवर दोनदा ओकलो होतो. सीटीडी, म्हणजे खोलीनुसार तापमान आणि खारेपणा मोजणारं यंत्र, खाली सोडलं. पहिले काही मीटर पाणी २८ अंशांचं, कमी खारट. मग तापमान धाडकन खाली, तळाशी २२. तळाच्या बाटलीची तोटी उघडली तर सडक्या अंड्याचा वास! तांडेल मालवणकडचा. म्हणाला, "ह्या दिसांत तळाक काय गावना नाय. पाणी मेलला आसता."

पावसाळ्यात खोल समुद्रातलं गार, प्राणवायू कमी असलेलं पाणी तळावरून किनाऱ्याकडे चढतं. वरून पाऊस, शिवाय मांडवी-झुवारीचं गोडं पाणी. हलकं वर, जड खाली. वारा वरचा थर ओढतो, पण तो थर खालच्या पाण्यावरून घसरत राहतो. आजी ताक करताना रवी हळू फिरवली की निवळ वरच राहायची, तसं. दोन थरांच्या वेगातला फरक पुरेसा वाढला, तरच सीमेवर लाटा उठून गुंडाळतात, फुटतात आणि पाणी मिसळतं. याचं माप म्हणजे रिचर्डसन अंक: घनतेचा अडसर भागिले वेगफरकाचा वर्ग. तो १/४ च्या खाली आल्याशिवाय ही गुंडाळी सुरूच होत नाही. म्हणजे ज्या पावसाळ्यात वारा सर्वांत जोरात, त्याच पावसाळ्यात पाऊस झाकण घट्ट बसवतो. मला हे पचायला वेळ लागला.

ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या आयरिश समुद्रात हे घुसळण्याचं काम भरती-ओहोटी करते. लिव्हरपूलजवळ उधाणाला पाणी ८ मीटरहून जास्त चढतं-उतरतं. आपल्याकडे जेमतेम दोन. आणि घुसळण्याची ताकद प्रवाहाच्या वेगाच्या घनाने वाढते, वेग दुप्पट तर ताकद आठपट. सिम्पसन आणि हंटर या समुद्रशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये खोली आणि याच घनाच्या गुणोत्तरावरून तिथल्या थरांच्या सीमा कुठे पडतात ते दाखवलं. आमच्या पाण्यात ते गणित लावायचं तर आधी पावसाला त्यात बसवावं लागेल.

डिसेंबरात परत गेलो. तापमानाचा आलेख वरपासून खालपर्यंत सरळ काठीसारखा. मी खूश, म्हटलं शेवटी मिसळलं! तसं नव्हतं. नोव्हेंबरपासून किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वळतो, वरचं कोमट पाणी किनाऱ्याशी साचतं आणि गार पाण्याला उतारावरून परत खोल समुद्रात रेटतं. तळाची बाटली मी तरीही हुंगून पाहिली. तांडेल हसला.