आमची वाटचाल : दाण्याचे कूट, कुळिंजन आणि पूर्वेकडचा स्वयंपाक

सांगलीत विश्रामबागेतील आमच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आज चार प्रकारची वाटणे तयार होतात आणि आठवड्यातून दोन दिवस स्वयंपाकाचे वर्ग भरतात. माझ्या थोरल्या जाऊबाई, मी आणि आमच्या पाच सहकारी भगिनी मिळून इंडोनेशिया, थायलंड, ब्रह्मदेश, व्हिएतनाम, जपान आणि कोरिया येथील घरगुती पदार्थ आपल्या बाजारात मिळणाऱ्या जिनसांतून कसे करावेत, हे शिकवतो. व्यवसाय लहान आहे आणि तो सरळ रेषेत वाढलेला नाही. नव्याने येणाऱ्या ग्राहकांना आमची वाटणे अशीच का आहेत, असा प्रश्न नेहमी पडतो. त्याचे उत्तर या प्रवासातच असल्यामुळे तो थोडा सविस्तर सांगते.

माझे पती इचलकरंजीत कापड उद्योगात होते. पुढे त्यांना पश्चिम जावातील बांडुंग शहराजवळच्या एका गिरणीत नोकरी मिळाली आणि आम्ही तेथे चार वर्षे राहिलो. पहिले सहा महिने मी सांगलीहून नेलेला कांदा-लसूण मसाला पुरवून पुरवून वापरला आणि तेथील स्वयंपाकाकडे फारसे लक्ष दिले नाही. शेजारी एक प्रौढ बाई राहत असत. तेथील रीतीप्रमाणे मी त्यांना ‘इबू’, म्हणजे आई, असे म्हणत असे. एका दुपारी त्या ओसरीत बसून उथळ ताटलीसारख्या दगडावर काहीतरी वाटत होत्या. त्या दगडाला तेथे चोबेक म्हणतात आणि हातातल्या वाकड्या बत्त्याला उलेकान. दगडावर शेंगदाणे, लाल मिरच्या, लसूण, चिंच आणि गुळासारखी दिसणारी ताडवर्गीय झाडाच्या रसाची साखर होती. वाटण सैल करून त्यांनी ते उकडलेल्या भाज्यांवर घातले आणि बशी माझ्यापुढे ठेवली. तो पदार्थ म्हणजे गाडो-गाडो. पहिल्या घासाला मला माहेरच्या पाट्यावरची शेंगदाण्याची चटणी आठवली, आणि इतक्या दूरच्या ओसरीत ती चव कशी आली, याचे आश्चर्य अनेक दिवस मनातून गेले नाही.

त्यानंतर मी रोज त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊ लागले. आपण दाणे कोरडे भाजतो, त्या ते सालासकट तेलात तळत, त्यामुळे वाटण अधिक स्निग्ध होई. आपण हळद पूड करून वापरतो, त्या ओली हळद मिरची-लसणाबरोबर वाटत. सणासमारंभाला हळद आणि नारळाचे दूध घालून पिवळा भात करत, त्याला नासी कुनिंग म्हणतात. हळद आणि चिंच यांचे पेय तर त्यांच्या घरी नित्याचे होते. मी हळदीच्या पेठेच्या गावातून आले आहे, हे सांगितल्यावर त्यांनी माझ्याकडून सांगलीची हळद मागवून घेतली. ती वापरल्यावर रंग चांगला आहे पण ओल्या हळदीचा वास यात नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, आणि ते खरेच होते.

२०१६ साली आम्ही सांगलीला परतलो आणि मी उत्साहाने चुकीच्या टोकाने सुरुवात केली. पूर्वेकडच्या पदार्थांसाठी लागणाऱ्या परदेशी बाटल्या, डबे आणि नूडल्स मागवून विकण्याचे एक छोटे दुकान थाटले. पहिला माल ज्या वितरकाकडून घेतला त्याने मुदत संपत आलेले खोके पाठवले आणि परत घेण्यास नकार दिला, हा एक फटका. पण दुकान बंद होण्याचे खरे कारण ते नव्हते. ग्राहक एका पदार्थासाठी तीनशे रुपयांची बाटली नेत, दोन चमचे वापरत आणि उरलेली फ्रिजच्या दारात वर्षभर राही. पुन्हा तो पदार्थ त्या घरात होत नसे. बाटली विकली जात होती, पण तिच्याबरोबर स्वयंपाक त्या घरात शिरत नव्हता.

या टप्प्यावर माझ्या जाऊबाईंनी एक प्रश्न विचारला. त्या आयुष्यभर सांगलीच्या बाहेर फारशा गेल्या नाहीत, पण मसाल्याचे ज्ञान त्यांच्याइतके मी कोणात पाहिलेले नाही. एक बाटली उघडून, बोटावर चाटून त्या म्हणाल्या, “ह्यात आंबट कशानं आलंय ते सांग की मला. ते आपल्याकडं मिळत नाही काय?” आमचा आजचा व्यवसाय या एका प्रश्नावर उभा आहे. त्यानंतर आम्ही दोघींनी प्रत्येक परदेशी जिन्नस पदार्थात नेमके कोणते काम करतो, हे लिहून काढायला घेतले. आंबटपणा, खारटपणा, गोडी, तिखट, वास, दाटपणा अशी कामे ठरली, आणि मग प्रत्येक कामासाठी गणपती पेठ, मार्केट यार्ड आणि आठवडी बाजार धुंडाळायला सुरुवात झाली.

काही जिनसा तर शोधाव्याच लागल्या नाहीत. थायलंडमधील स्वयंपाकात लागणारे लेमनग्रास म्हणजे आपला गवती चहा. फरक इतकाच की आपण चहात पाती घालतो आणि तेथे बुंध्याजवळचा पांढरट, जाड भाग वाटणात घालतात. आपल्या भाजीवाल्या मावशी पात्यांची जुडी देतात आणि बुंधा जमिनीतच ठेवतात, म्हणून आम्ही हरिपूरच्या एका शेतकरी कुटुंबाला बुंध्यासकट गवती चहा आणून देण्याची विनंती केली. थाई वाटणात कोथिंबिरीची मुळे लागतात, जी आपण जुडी निवडताना पहिल्यांदा तोडून टाकतो. ती धुऊन, माती पूर्ण काढून वाटली की हिरव्या वाटणाला असा खोल वास येतो, जो केवळ पानांनी कधीच येत नाही. गलंगल नावाचे आल्यासारखे मूळ कोठे मिळेल, याचा शोध आम्ही पुण्यापर्यंत घेतला आणि शेवटी ते आमच्याच गावातल्या काष्टौषधींच्या दुकानात बरणीत सापडले, कारण ते म्हणजे कुळिंजन. आजी खोकल्यावर जे तोंडात धरायला देत असे, तेच. सुकलेले असल्यामुळे ते रात्रभर भिजवावे लागते आणि प्रमाण निम्म्याहून कमी घ्यावे लागते, अन्यथा वाटण औषधासारखे लागते.

तिखटाच्या बाबतीत आपला भाग संपन्न आहे. इंडोनेशियाच्या सांबाल या मिरचीच्या चटणीसाठी आम्ही झणझणीतपणाला संकेश्वरी आणि रंगाला बेडगी मिरची वापरतो. चिंच आपल्याकडे आहेच. गोडीसाठी उसाचा गूळ चालतो. ताडवर्गीय झाडांच्या साखरेला असणारी किंचित धुरकट चव त्यात नसते, म्हणून आम्ही जुना, गडद रंगाचा गूळ निवडतो. सोया सॉसमध्ये असा गूळ घालून मंद आचेवर आटवला की इंडोनेशियातील गोड, दाट सोया सॉसच्या बरेच जवळ जाता येते. जपानी पद्धतीच्या चिकट भातासाठी इंद्रायणी उत्तम. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात विकसित झालेल्या या तांदळाला आंबेमोहोराचा वारसा आहे, त्यामुळे त्याला जपानी तांदळात नसलेला सुवास येतो. मला स्वतःला तो सुवास आवडतो आणि तो लपवण्याचे काही कारण मला दिसत नाही.

सर्वांत अवघड गेले ते खारट आणि रसदार चवीचे काम. आग्नेय आशियात ते माशांचा सॉस किंवा आंबवलेल्या कोळंबीचा गोळा करतो. जपानमध्ये समुद्री शेवाळाच्या कढणातून ते साधते. १९०८ साली किकुनाए इकेदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने या शेवाळातूनच त्या चवीचा मूळ घटक वेगळा काढला आणि तिला उमामी हे नाव दिले. आमच्या ग्राहकांपैकी निम्म्याहून अधिक शाकाहारी आहेत. त्यांच्यासाठी आम्ही सोया सॉस आणि उन्हात वाळवलेल्या टोमॅटोची जोड वापरतो. मांसाहारी घरांसाठी मिरजेच्या बाजारातला सुका जवळा मंद भाजून, पूड करून वाटणात घालायला शिकवतो, कारण इंडोनेशियातील तो गोळाही अशाच बारीक कोळंबीचा असतो. हे वाटण आम्ही स्वतः बनवून विकत नाही. एकाच खोलीत दोन्ही वाटणे तयार करून शाकाहारी ग्राहकांना निश्चिंत करता येणार नाही, असे आमचे मत आहे.

पहिला वर्ग भरला तेव्हा सात जणी आल्या होत्या. मी मुद्दाम ब्रह्मदेशातील शान प्रांताच्या टोफूने सुरुवात केली, कारण तो सोयाबीनचा नसून हरभऱ्याच्या पिठाचा असतो. बेसन, हळद, मीठ आणि पाणी सतत ढवळत शिजवून ताटात ओतायचे आणि निवाले की कापायचे. ताट पुढे ठेवताच एक आजी म्हणाल्या, “अगं, ही तर आमची पाटवडी!” मग फरक समजावून सांगितला. पाटवडीत आपण फोडणी आणि तिखट आत घालतो, शान टोफू आतून साधा ठेवतात आणि चव वरून देतात, म्हणजे चिंचेचे पाणी, तळलेल्या लसणाचे तेल, दाण्याचे जाडसर कूट आणि कोथिंबीर. आजींनी दोन बशा खाल्ल्या आणि पुढच्या आठवड्यात दोन सुनांना घेऊन आल्या. व्हिएतनाममधील तांदळाचे पीठ, हळद आणि नारळाच्या दुधाचे बान्ह सेओ हे धिरडे शिकवतानाही असाच अनुभव आला. त्या दिवसापासून आम्ही प्रत्येक वर्गाची सुरुवात हाताला आधीच ठाऊक असलेल्या कृतीने करतो आणि अनोळखी चव त्यानंतर आणतो.

सर्वच प्रयोग साधले असे नाही. महाविद्यालयीन मुलामुलींच्या आग्रहावरून आम्ही किमची, म्हणजे कोरियातील आंबवलेल्या भाजीचे लोणचे, बाटल्यांत भरून विकायला काढली. कोरियन मिरचीऐवजी बिया काढलेली बेडगी जाडसर कुटून घेतली आणि चिनी कोबी नियमित मिळत नसल्यामुळे मुळ्याच्या फोडींची, काक्दुगी म्हणतात ती, किमची केली. चव खरोखर चांगली जमली होती. पण महिना एप्रिलचा होता आणि किमची ही थंडीसाठी साठवण करणाऱ्या प्रदेशाची रीत आहे, याचा आम्ही पुरेसा विचार केला नव्हता. सांगलीच्या उन्हाळ्यात आंबण्याची क्रिया एका दिवसात इतकी पुढे गेली की बाटल्यांत वायू साठून झाकणे उडाली, मुळा मऊ पडला आणि एका ग्राहकाच्या घरी ओटाभर लाल पाणी सांडले. सर्व बाटल्या परत घेतल्या आणि पैसे दिले. आता किमची आम्ही विकत नाही, फक्त डिसेंबर आणि जानेवारीत शिकवतो. मीठ चमच्याने न घालता वजनाने मोजायला लावतो, आणि बाटली एक दिवस बाहेर ठेवून नंतर फ्रिजमध्येच ठेवण्याची ताकीद देतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचा महापूर आला. आयर्विन पुलाजवळ पाण्याने ५७ फुटांची पातळी ओलांडली. वाटणे विश्रामबागेत होत असली, तरी वर्षाची मिरची, हळद, तीळ आणि गूळ आम्ही गावभागात भाड्याने घेतलेल्या खोलीत ठेवला होता. तो सगळा गेला. हळद भिजून तिचा चिखल भिंतीला लागला होता, आणि हळदीच्या व्यापारावर वाढलेल्या गावात तो पिवळा चिखल खरवडताना काय वाटले, ते मला आजही नीट सांगता येत नाही. आमच्या सहकारी भगिनींपैकी दोघींची घरेही पाण्यात होती. त्या स्वतःची घरे आवरून आठव्या दिवशी कामावर आल्या. म्हणूनच व्यवसाय बंद झाला नाही. पुढच्याच वर्षीच्या टाळेबंदीत वर्ग थांबले, तेव्हा घरात अडकलेल्या लोकांनी वाटणे मागवली आणि आम्ही तरलो.

अन्न सुरक्षा नोंदणी, लेबल, मुदत यांचे नियम आम्ही सुरुवातीपासून पाळतो. शेंगदाणे आणि सोयाबीन यांची काहींना ॲलर्जी असते, म्हणून त्यांचा उल्लेख मोठ्या अक्षरात करतो. त्याहून महत्त्वाचा मला आमचा स्वतःचा एक नियम वाटतो. ज्या जिनसाला पर्याय नाही, तेथे तो आहे असे आम्ही म्हणत नाही. थाई लिंबाच्या पानांऐवजी आपल्या लिंबाची कोवळी पाने आणि किसलेली साल घालून सुवास येतो, पण तो निराळा सुवास असतो, म्हणून आमच्या हिरव्या वाटणावर ‘थाई धर्तीचे’ असे लिहिलेले असते. जपानी तिळाचे तेल भाजलेल्या तिळाचे असते आणि आपल्या घाण्याचे तेल कच्च्या तिळाचे, तेव्हा एकाच्या जागी दुसरे घालणे योग्य नाही. त्याऐवजी आम्ही पालकावर घालायच्या गोमा-आए या पदार्थासाठी तीळ ताजे भाजून कुटायला सांगतो. इबूंनी आमच्या हळदीविषयी जसे स्पष्ट सांगितले होते, तसेच आपणही सांगावे, इतकाच त्यामागचा विचार आहे. थंडीत ओली हळद बाजारात आली की पिवळ्या भाताचे वाटण आम्ही तेवढ्या काळापुरतेच करतो. कोरड्या पुडीचे वर्षभर करता आले असते, पण ते करायचे नाही असे ठरवले आहे.

सध्या जाऊबाई तिरफळावर काम करत आहेत. कोकणात बांगड्याच्या आमटीत पडणारे तिरफळ आणि चीनच्या सिचुआन प्रांतातील जिभेला मुंग्या आणणारी मिरी ही एकाच कुळातली, नव्हे एकाच प्रजातीतली (इंग्रजीत जीनस) भावंडे आहेत. दोहोंतही काळी बी टाकून फक्त टरफल वापरतात. मापो टोफू या सिचुआनमधील तिखट पदार्थासाठी तिरफळ किती भाजावे, हे त्यांना जवळजवळ साधले आहे. मात्र त्या पदार्थात लागणाऱ्या, मिरची घालून मुरवलेल्या वालासारख्या दाण्यांच्या वाटणाचे काम आपल्या बाजारातला कोणता जिन्नस करू शकेल, हे अजून सापडलेले नाही. त्यामुळे मापो टोफूचा वर्ग तूर्त पुढे ढकलला आहे. ज्यांनी नावे नोंदवली आहेत, त्यांचे शुल्क परत करण्यात आले आहे.